खरं ओरडणं ओळखणारा माणूस

जिवंत होतास तोवर तुला तुम्ही म्हणलो, विजूभाऊ. आता तू म्हणतो. मेलेल्या माणसाला कोण अहो-जाहो करतंय? आणि तू काही आता उठून "लई शहाणा झाला का रे दत्त्या" म्हणत माझ्या टाळक्यात हेल्मेट घालणार नाहीस. तू गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता ह्या माणसाला मी काहीही बोलू शकतो. जरा बरंच वाटलं. वाईट त्याच्यानंतर वाटलं, आणि ते अजून चालू आहे. म्हणजे तू फार हवेत जाऊ नको आणि फार नाराजही होऊ नको.

तुझ्या धंद्यातल्या फोटोवाल्यांनी आणि शूटिंगवाल्यांनी मिळून तुझ्या नावानं एक छोटी पुस्तिका काढायची ठरवली आहे. सगळे लिहिणार, की विजूभाऊ म्हणजे देवमाणूस, विजूभाऊ म्हणजे कायम हसतमुख. हसतमुख होतास, खरं आहे. समोरचा रडायला लागला की तुझं तोंड लई खुलायचं. मी लिहिणार नव्हतो. पण शोभावहिनीचा फोन आला. "भावजी, तुम्ही लिहा. तुमचं आल्याशिवाय पुस्तक छापायचं न्हाई असं मी त्यांना सांगितलंय." तुझी बायको माझ्यामागं का लागली होती, ते पुढं येईल. जल्दी करू नको. आता तुला कुठं जायचंय?

तू गेलास त्या सकाळी मी इथं ओमानमधे, सोहारला, एका टाकीच्या तोंडाशी उभा होतो. माझं काम तुला फोनवर दोनतीनदा सांगितलं होतं, तू ऐकलं नव्हतंस. इथं तेलाच्या मोठाल्या रिकाम्या टाक्या आतून घासायच्या असतात. माणसं आत उतरतात आणि एकजण बाहेर तोंडाशी उभा राहतो. त्याला होलवॉच म्हणतात. त्यानं आतल्यांना थोड्या थोड्या वेळानं हाक मारायची. ओ आली की गप्प. ओ आली नाही, किंवा आतून कसलाही आरडाओरडा आला, की शिट्टी. बस एवढंच काम. मी हाका जरा जास्त मारतो. शिट्टीही जरा जास्त मारतो. एकदा आतला बिहारी पोरगा नुसता गाणं म्हणत होता, त्याला चौघांनी ओढून बाहेर काढला. सगळे हसतात मला, पण उतरायची वेळ आली की माझ्याच टाकीवर नंबर लागावा म्हणून भांडतात. सुपरवायझर म्हणतो, एवढा घाबरट माणूस शोधून सापडत नाही.

तुला मात्र शोधावा लागला नव्हता.

कामावर फोन बंद असतो. दुपारी जेवायला बसलो तेव्हा कळलं, तोवर तुला घेऊन गेले होते. सुट्टी मागायला गेलो तर तिथल्या माणसानं विचारलं, कोण लागत होता? भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही. मालक म्हणावं तर तू पगार कधी दिला नाहीस. काय सांगू त्याला? साहेब, हा माणूस मला दर पावसाळ्यात वेगवेगळ्या ग्रहांवर जाऊन पकडायचा?

हे कधी जालन्याबाहेरच्या कुणाच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून सांगतो. 'आसमानी फरार' नावाची तुझी मालिका होती. आधी शहरातल्या केबलवर साड्यांच्या दोन जाहिरातींच्या मधे लागायची, नंतर मोबाइलवर आली. पुढच्या कुठल्यातरी जमान्यात गुन्हेगार एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पळून जातात आणि कमांडर वज्र नावाचा शिकारी इनामासाठी त्यांना पकडून आणतो. कमांडर वज्र तू. गुन्हेगार मी. सगळेच्या सगळे गुन्हेगार मी. दुसऱ्या कुणाला द्यायला तुझ्याकडं काही नव्हतं, आणि मी जेवणावर येत होतो. एका भागात मी निळा, एका भागात मला शिंगं, एका भागात नुसती माझी मान वर आणि खाली सगळा मंडपाचा कपडा. जहाजाचा आवाज शोभावहिनीचा. ती स्वयंपाकघरातच, पदराला हात पुसत, माइकवर वाकून म्हणायची, "कमांडर, ऑक्सिजन संपत आला आहे." तेवढं एक वाक्य तिच्या तोंडी इतकं शुद्ध यायचं की गल्लीतल्या बायका तिला ते म्हणून दाखव म्हणायच्या.

धंदा तुझा लग्नाच्या शूटिंगचा. तिथी संपल्या की कॅमेरा मोकळा, आणि कॅमेरा मोकळा झाला की आपलं आसमान सुरू. शहागडच्या पुलाखालची वाळू म्हणजे लाल ग्रह. जिनिंगमधला कापसाचा ढीग म्हणजे बर्फाचा ग्रह, त्याच्यात तू मला कमरेपर्यंत पुरलंस आणि मी आठवडाभर शिंकत राहिलो. मोसंबीला चंदेरी रंग मारून ती कुठल्यातरी प्राण्याची अंडी. शूटिंग संपल्यावर ती सोलून खाल्ली, रंगासकट, भूकच तशी होती. मग तुळशीची लग्नं लागली की गुन्हेगारांना माफी, आणि कमांडर वज्र जालन्यातल्या मस्तगडच्या दुकानात बसून अल्बम चिकटवणार.

मला उचललंस तो दिवस तुला आठवत असेल, कारण तू तो दर माणसाला सांगायचास, आणि दर वेळी मला जास्त येडा करून सांगायचास. मी शहागडचा. हायवेवर आमचा चहाचा गाडा. तू एका लग्नाहून परत येत होतास आणि मी उभ्या ट्रकच्या चाकामागं बसलो होतो.

"कोणाला भिऊन राह्यला रे?" तू विचारलंस.

"सरांना. आत्ता गाडीवर गेले."

"काय केलं तू?"

"शाळा सोडली."

"कधी?"

"आठवीत. दोन वर्षं झाली."

तुझ्या हातातला चहा सांडला एवढा तू हसलास. "दोन वर्षांपासून फरार! अन् अजून लपून राह्यला! चल, बस गाडीत. पार्ट तुझाच हाय."

असं मला तोवर कोणी बोलावलं नव्हतं. शाळेत ये म्हणणारे होते, शाळेतून जा म्हणणारे होते. पार्ट तुझाच आहे म्हणणारा तू पहिला. त्याच्यासाठी मी तुला आजही हात जोडतो. मग तू जे केलंस त्याच्यासाठी ते हात सोडतो. असं दिवसातून चारदा चालू आहे सध्या.

मला नीट वाचता येत नव्हतं. तू डायलॉगचा कागद हातात द्यायचास आणि मी अडखळलो की थांबवायचास नाहीस, लोकांना गोळा करायचास. "या, या, हा बघा आसमानातला सगळ्यात खतरनाक गुन्हेगार. ह्याला क्षेपणास्त्र म्हणता येईना." एकदा तर वऱ्हाडासमोर. नवरीसुद्धा हसली. मी ते घरी जाऊन म्हणून म्हणून पाठ केलं. मग दुसरा शब्द, मग तिसरा. तुझ्या त्या कागदांवर मी वाचायला शिकलो, आणि वाचायला आलं म्हणून पुढं परदेशाचे कागद भरता आले, आणि आज हे लिहून राह्यलो. खोलीतल्या पोरांची घरची पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं मी वाचून देतो. तुला उपकार म्हणू का जाच म्हणू? पासपोर्टचा फोटोसुद्धा तूच काढलास. एकदा काढलास आणि बघून म्हणलास, "न्हाई चालणार. ह्याच्यात तू खरोखरचा फरार दिसून राह्यला. विमानतळावर धरतील." पुन्हा लाइट लावून, माझी कॉलर सरळ करून, दुसरा काढलास. तेव्हा तुझा हात माझ्या मानेला लागला. मी दचकलो. तू म्हणलास, "अजून भितो का रे मला?"

भीत होतो. तुला ते माहीत होतं आणि तेच तुला पाहिजे होतं.

तुझा एकच गर्व होता. कॅमेऱ्याचा नाही, तो जुनाच होता. दिसण्याचा नाही, त्याला कारण नव्हतं. कानाचा. "मला खोटं बराबर कळतं," तू म्हणायचास. पाठवणीच्या वेळी मांडवात वीस बायका रडत असल्या तरी त्यातली खरी रडणारी कोण, हे म्हणे तुला कॅमेरा उचलायच्या आधीच ऐकू यायचं. आणि तू त्याच बाईवर जायचास. पुष्कळदा ती नवरीची आई नसायचीच. आत्या असायची, नाहीतर भांडी घासायला आलेली बाई. लोक म्हणायचे, विजूभाऊच्या कॅसेटमधे काळीज असतं. आणि आपल्या शूटिंगला मी ओरडलो की डोळे मिटून ऐकायचास. "कट. खोटं." पुन्हा. "कट. खोटं. पोटातून न्हाई आलं." पुन्हा. मस्तगडच्या गच्चीवर किती वेळा असं झालं असेल. शेवटी घसा बसला की म्हणायचास, "हां, आता आलं जरा." तू माझा घसा बसायची वाट बघायचास, विजूभाऊ. त्याला तू कला म्हणायचास.

आता टँकरचं.

आपल्या दोघांत भांडण हे एवढंच. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं. भंगारच्या आवारात तो जुना पाण्याचा टँकर पडला होता, चाकं काढलेला. तुला तो बघितल्या बघितल्या जहाजातला तुरुंग दिसला. दसऱ्याच्या आसपासचं ऊन. पत्र्याला हात लावला की चटका. तू मला वरच्या झाकणातून आत उतरवलंस, कॅमेरा आत माझ्यासमोर स्टँडवर लावलास, माइकची वायर खालच्या नळाच्या भोकातून बाहेर काढलीस आणि हेडफोन कानाला लावून वर जाऊन बसलास. झाकणावर. आवारात तिसरा माणूस नव्हता.

झाकण लावायच्या आधी मी विचारलं, "भाऊ, जास्तच झालं तर खूण काय करू?"

"खूण ठरली की माणूस अॅक्टिंग करतो. मी उघडतो तवर वरडत राहा."

"पण तुम्हाला कसं कळंल?"

"मला कळतंय," तू म्हणलास. आणि झाकण लावलंस.

तुझे शब्द आहेत. मला कळतंय.

डायलॉग होता, "कमांडर, दार उघडा, श्वास येईना." मी तो म्हणलो. चांगला म्हणलो. मग थोड्या वेळानं श्वास खरंच येईना. अंधार नव्हता, कॅमेऱ्याचा दिवा होता, म्हणून जास्त वाईट. मला माझे हात दिसत होते, पत्र्यावर आपटणारे. मी तोच डायलॉग ओरडत राहिलो. तुझं नाव घेऊन ओरडलो नाही. विजूभाऊ, उघडा, असं एकदा म्हणलो असतो तर गोष्टच मिटली असती. का म्हणलो नाही? शॉट खराब होईल म्हणून. मरायच्या भीतीपेक्षा तुझ्या शिव्यांची भीती मोठी होती माझ्या डोक्यात. एवढं चांगलं तयार केलं होतंस तू मला.

किती वेळ गेला मला माहीत नाही. झाकण उघडलं तेव्हा मी तळाशी पडलो होतो, पँट ओली. तू वरून वाकून बघितलंस. म्हणलास, "कट. ओके. दत्त्या, आज तू अॅक्टर झालास." आणि टाळ्या वाजवल्यास. एकटाच.

ओली पँट तू मालिकेत ठेवलीस. काढ म्हणलो तर म्हणलास, "त्याच्यातच तर जान हाय." लोकांनी तो तुकडा कापून एकमेकांना पाठवला. जालन्याच्या स्टँडवर पोरं मला बघून गळा धरायची, "श्वास येईना, श्वास येईना" करायची. काहीजण सोबत फोटोही काढायचे. त्या एका तुकड्यानं मी मोठा झालो, हे खरं आहे. चहाचे पैसे घ्यायचे नाहीत लोक. शहागडला आईनं शेजारच्यांकडं बघितला तो भाग. अर्ध्यातून उठून घरी आली. "त्यानं तुला खरंच कोंडलं होतं का रे?"

"न्हाई गं. अॅक्टिंग हाय."

"मला नको सांगू अॅक्टिंग. मला आवाज कळतो तुझा."

तिला कळलं. टीव्हीवरून, दुसऱ्याच्या घरात, चारचौघींच्या गलक्यात कळलं. मग कानाला हेडफोन लावून झाकणावर बसलेल्या माणसाला, ज्याला मांडवातली खरी रडणारी बाई आधीच ऐकू येते, त्याला कळलं नव्हतं? हा माझा मुद्दा. हा घेऊन मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो. जालन्यात भांडलो, इकडं आल्यावर फोनवर भांडलो. तू दर वेळी तेच करायचास. "एवढा शॉट दिला तू आयुष्यात, अन् त्याचंच रडगाणं?" शेवटचं बोलणं तर असं झालं. तू सांगत होतास, शेवटचा भाग लिहून राह्यलो, सुट्टीवर ये, ह्या वेळी तुला पळून जाऊ देतो, कमांडर हरणार. मी म्हणलो, "आधी एक सांगा. ऐकू आल्तं का न्हाई त्या दिवशी?" तू म्हणलास, "तू येऊन राह्यला का न्हाई ते सांग." मी फोन ठेवला. म्हणजे शेवटचा शब्द तुझाच झाला, नेहमीसारखा.

आता तुझ्या मरणाचं. तुला माहीत आहे, पण तुला वरच्या खोलीपुरतंच माहीत आहे. खालचं मी सांगतो. मला वहिनीनं शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, फोनवर सांगितलं. एका दमात नाही. मधे मधे कुणी आलं की ती भाजीचं बोलायची.

ओरडल्याशिवाय तुला लिहिता यायचं नाही. गच्चीवरच्या खोलीत आतून कडी लावायची आणि एकेक डायलॉग बोंबलून बघायचा. कमांडरचेही आणि माझेही. गल्लीला सवय होती. लहान पोरं तुझ्या ओरडण्याला घाबरायची सोडून मागं म्हणायची. त्या सकाळी कितीतरी दिवसांनी नळ आला होता, सगळी मस्तगड पाण्यावर. तुझी आई देवळात गेल्ती. वहिनी खाली अंगणात पाइप एका टिपाडातून दुसऱ्या टिपाडात घालत होती. वरून तुझा आवाज आला, "दार उघडा, श्वास येईना." आणि ती सवयीनं, मान वर न करता, जहाजाच्या आवाजात म्हणाली, "कमांडर, ऑक्सिजन संपत आला आहे."

तू पुन्हा ओरडलास. ती पुन्हा म्हणाली. खालच्या कापडदुकानातला शेठ हसला, "भाभीजी, कमांडर आज फुल फॉर्म में है." मग तू गप्प झालास. तिला वाटलं, सीन जमला. टिपाडं भरून झाल्यावर ती चहा घेऊन वर गेली. कडी तोडावी लागली. डॉक्टर म्हणाले, अॅटॅक.

शेठ वाईट माणूस नाही. तो नुसता ज्याला त्याला सांगत बसला, रडत रडत, की अरे मैं हसा, मैं हसा. पण त्याच्या सांगण्यातून वहिनीचं ते वाक्य सगळ्या गल्लीत गेलं. आणि आपली माणसं तुला माहीत आहेत. तुझ्या मातीला आलेल्या बायका परत जाताना रिक्षात ते वाक्य म्हणून बघत होत्या, तिच्या आवाजात. तुझी आई सुनेशी बोलत नाही. तिच्या हातचं पाणी घेत नाही. येईल त्याला एकच सांगते, "मी घरात असते तर मला कळलं असतं. ह्या बाईला नवऱ्याचा आवाज कळंना." महिना झाला की शोभाला माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला, लावून द्यायचं, असं घरात ठरून राह्यलंय. तिचं काय राहिलंय इथं, म्हणतात. दुकान तिनं चालवलं, अल्बम तिनं चिकटवले, तुझ्या जहाजाला आवाज तिनं दिला, आणि तिचं काही राहिलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "भावजी, एक विचारू का?"

"विचारा ना."

"ह्यांच्यासाठी तुमच्याइतकं कोणी वरडलं न्हाई. तुम्ही सांगा. खरं वरडणं अन् खोटं वरडणं, ऐकणाऱ्याला फरक कळतो का हो?"

मी म्हणलो, "जेवल्या का तुम्ही?"

"माझं जेवण राहू द्या. कळतो का?"

मी कॉटवर बसलो होतो. उठून दाराची कडी बघितली, पुन्हा बसलो. मला उत्तर येत होतं, विजूभाऊ. आयुष्यात एकाच प्रश्नाचं उत्तर मला बिलकुल पक्कं येत होतं आणि तोच प्रश्न ह्या बाईनं विचारला. कळतो. फरक कळतो. ह्या एका उत्तरावर मी तुला धरून ठेवलं होतं. तू मला पकडायचास ते सगळं मंडपाच्या कपड्यातलं. मी तुला पकडलं होतं ते खरं. आणि फरक कळतो म्हणलं की तुझ्याबरोबर तीही आत जाते. तिला बाहेर काढायचं तर तुलाही सोडावं लागतं. एकच झाकण आहे, दोघांना वेगवेगळं नाही.

मी खूप शोधलं. तुझ्या कानाला हेडफोन होते, तिच्या हातात पाण्याचा पाइप होता. तू झाकणावर होतास, ती अंगणात. तू "मला कळतंय" म्हणला होतास, ती बिचारी कधी काही कळतंय म्हणली नव्हती. फरक आहेच. पण तिनं विचारलं ते हे नव्हतं. तिनं कळतं का एवढंच विचारलं होतं, आणि तिच्या सासूला वाचून दाखवता येईल असं उत्तर तिला पाहिजे होतं. 'कधी कळतं, कधी नाही' असलं उत्तर घेऊन कुठली बाई सासूसमोर उभी राहील?

"न्हाई कळत, वहिनी," मी म्हणलो.

"नक्की?"

"इथं कंपनीत तेच शिकवतेत. आवाजावरून ठरवत बसायचं न्हाई, आधी शिट्टी. आवाजावरून कळलं असतं तर शिट्टी कशाला दिली असती माणसाला?"

"मला कोणी दिल्ती शिट्टी?" ती म्हणाली.

"न्हाई ना. म्हणूनच."

ती रडली. मग नाक पुसल्याचा आवाज आला. मग ती जे म्हणाली ते तुझ्या कोणत्याही भागात तुला सुचलं नसतं.

"मंग त्यायलाबी कळलं नसंल, भावजी. तुमचं. टँकरमधलं."

मी पुन्हा उठून दाराची कडी बघितली.

"भावजी?"

"हो, वहिनी. त्यायलाबी न्हाई कळलं."

"मंग इतके वर्षं कशाला भांडून राह्यले होते तुम्ही त्यांच्याशी? मरेपर्यंत त्यायच्या जिवाला लागलं होतं ते." आणि मग, जरा सावरून, "लिहा तुम्ही हे. छापून आलं की मी आईंसमोर वाचते. छापलेलं त्या मानतेत."

जिवाला लागलं होतं म्हणे तुझ्या. मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? बहुतेक विश्वास ठेवला नसता. म्हणलो असतो, कट, खोटं.

तर आता लिहून देतो. छापायला एवढा परिच्छेदच पाठवतो, वरचं-खालचं तुझ्या-माझ्यात. काकू, तुम्हीही ऐका, वहिनी वाचून दाखवत असेल. ज्या माणसानं विजूभाऊसाठी सगळ्यात जास्त ओरडून दिलं तो सांगतो आहे. खरं ओरडणं आणि खोटं ओरडणं ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. बायकोला येत नाही, शेठला येत नाही, तुम्ही घरी असता तर तुम्हालाही आलं नसतं. माझी आई म्हणते तिला आलं, पण तिनं आधी मला विचारलं होतं, मगच म्हणाली. आणि विजूभाऊ, तुलाही येत नव्हतं. टँकरवर बसून तू ऐकत होतास आणि तुला काही कळलं नाही. मांडवातली खरी रडणारी बाई तुला ऐकू यायची नाही. तू कॅमेरा फिरवायचास, एखादी सापडायची, नाही सापडली की ती कॅसेट कुणाच्या लक्षात राहायची नाही. कट खोटं, कट खोटं, आता आलं जरा, हे सगळं हवेतलं होतं. त्या गच्चीवर माझा घसा बसायचा तो काहीही नसलेल्या कानासाठी. तुझ्या अंगात एक गुण होता असं सगळं जालना म्हणतं, ह्या पुस्तिकेतही दहाजण म्हणतील. तो नव्हता.

मला माहीत आहे तू काय म्हणाला असतास. "दत्त्या, मला हरामखोर म्हण, चालंल. बहिरा म्हणू नको." तुला दोन्हीतलं एक निवडायचं असतं तर एक क्षण लावला नसतास. झाकणावर बसून सगळं ऐकणारा आणि शॉटसाठी न उघडणारा डायरेक्टर, हे तुला आवडलं असतं. तसंच तू स्वतःला सांगत असशील. पण तुला कोण विचारतंय आता. तुला जगायचं नाही, तिला जगायचंय, त्याच घरात. म्हणून तुला माणूस म्हणून सोडतो आणि तुझा कान काढून घेतो. ह्याला माफी समजू नको. माफी असती तर मला बरं वाटलं असतं.

काल वहिनीशी पुन्हा बोललो. लिहून झालं म्हणून सांगितलं. म्हणाली, "बरं केलं. आता मी बरी हाय, भावजी." आवाज बरा वाटला मला. खरा होता का, ते विचारू नको. त्यातलं आता मलाही काही कळत नाही, तसं लिहून दिलंय.